कोलणे : एका शब्दाचा पंचनामा

मराठीत 'नाही' म्हणायला ढिगानं शब्द आहेत. पण कोण कुणाला नाही म्हणतोय, त्यावर शब्द ठरतो. सरकार नाही म्हणालं की 'नामंजूर'. कोर्ट 'फेटाळतं'. मंत्री 'इन्कार करतो'. पुढारी मागणी 'धुडकावून लावतो'. मालक गड्याला 'झिडकारतो'. नवरा बायकोला 'टाकतो'. संपादक लेखकाला 'साभार परत' करतो. आणि गावातला पाटील कुत्र्याला नि माझ्या आज्ज्याला एकाच शब्दानं हाकलायचा : हाड!

ह्या सगळ्यांच्या शेजारी, जिन्याच्या खालच्या पायरीवर एक शब्द बसलेला आहे. पोरंसोरं त्याच्याशी लगट करतात. निबंधात आला की मास्तर त्याला लाल शाईनं गोल करतात. सभेत कुणी वक्ता तो उच्चारत नाही आणि सभा सुटल्यावर चहाच्या टपरीवर तोच वक्ता तो दहादा उच्चारतो. तो शब्द म्हणजे कोलणे.

'साहेबानं अर्ज कोलला.' 'तिनं कोललं रे मला.' 'जाऊ दे ना, कोलून टाक.' 'असल्यांना मी कोलतो.' हे आपण रोज बोलतो. चाळीत, लोकलच्या दारात, हॉस्टेलात, कट्ट्यावर. बोलतो, पण आपण काय बोलतोय ते बघत नाही. आज बघू या. दोस्तांनो, शब्दाचा पंचनामा करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. शब्द ज्याच्या अंगावर पडला त्याची साक्ष पहिली.

आधी अर्थ. नाकारणे नि कोलणे एक नव्हे. नाकारायला आधी समोरचा माणूस बघावा लागतो, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, मग नाही म्हणायचं. झिडकारायला राग लागतो. राग म्हणजे निदान समोरच्याची दखल. धुडकावायला जोर लागतो. कोलायला यातलं काहीच लागत नाही. मनगटाला एक हलका झटका दिला की झालं. ज्याला कोललं तो हवेत जातो, कुठंतरी पडतो, नि कोलणारा पुढच्या डावाला लागतो. कोलण्यात राग नाही, विचार नाही, खंत तर नाहीच. उलट जरा मजाच आहे. ह्या शब्दातलं क्रौर्य ते हेच. तो हसत हसत चालतो.

आता हा शब्द आला कुठून? पोथीतून नाही, पुराणातून नाही. मातीतून आला. विटीदांडूतून.

विटीदांडू आता शहरात दिसेनासा झाला. विटी डोळ्यात जाते म्हणून आया ओरडतात, नि मैदानात तर गाड्या उभ्या. म्हणून नीट सांगतो. जमिनीत एक लांबट खड्डा करायचा. कुणी त्याला गल म्हणतं, कुणी गल्ली. खड्ड्यावर विटी आडवी ठेवायची. दांडूचं टोक विटीच्या पोटाखाली घालायचं नि झटका देऊन विटी उडवायची. ह्या उडवण्याला कोलणे म्हणतात. समोर दुसऱ्या गड्याची पोरं विटी झेलायला उभी असतात. विटी जितकी लांब जाईल तितका कोलणारा खूष. बस्स. खेळातलं हे कोलणं उचललं नि लोकांनी माणसाला लावलं. माणूस झाला विटी. अर्ज झाला विटी. प्रेम झालं विटी. दांडू मात्र ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला.

ह्या खेळाची मोजणी आठवते का बघा. म्हाताऱ्यांना विचारा. वकट, लेंड, मूंड, नाल. एक, दोन, तीन, चार नाही. संस्कृतातलं एकम्, द्वे, त्रीणि तर नाहीच. तेलुगूतले आकडे ऐका : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वकटच्या शेजारी ओकटि ठेवा, लेंडच्या शेजारी रेंडु ठेवा, मूंडच्या शेजारी मूडु ठेवा. सांगायची गरज उरत नाही. कन्नडात काठीला कोलु म्हणतात आणि टिपऱ्यांच्या नाचाला कोलाट. दांडूनं उडवणं म्हणजे कोलणं. हे दोन शब्दही शेजारी ठेवून कानानं ऐका.

मराठी म्हणजे संस्कृतची लाडकी लेक असं शाळेत शिकवणाऱ्यांनी मराठी पोरांनी धुळीत बसून केलेली ही मोजणी कधी कान देऊन ऐकली नाही. धुळीत मराठी, तेलुगू, कन्नड एकत्र खेळत होत्या. गुरं राखणारी पोरं, दगड फोडणाऱ्यांची पोरं, एका गावाहून दुसऱ्या गावी कामाला जाणाऱ्यांची पोरं आपले आकडे घेऊन फिरत होती. आपली भाषा तिथं घडली. म्हणून कोणी म्हणालं की कोलणे हा शब्द अशिष्ट आहे, तर त्याला सांगा की बाबा रे, तुझी शिष्ट मराठी जिथं जन्मली त्या मैदानाचा हा शब्द आहे. तुझ्या 'अस्वीकृती'ला तिथं कुणी विचारत नव्हतं.

पण शब्द आपला म्हणून त्याची आरती करायला मी बसलेलो नाही. दांडू कुणाच्या हातात होता, हा प्रश्न आहे.

आमच्या माणसांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास उघडा. पानापानावर अर्ज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणीत हाडं झिजवली, त्यांना एका फटक्यात बाहेर उडवलं. गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र तयार केलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी गावोगावच्या महारांची सभा भरवली, अर्ज केला आणि १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्र्याकडे दाद मागितली. काय झालं? कोललं. पुढं पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली, नि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. गरज लागली की विटी उचलायची, गरज सरली की कोलायची. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं, तेही दुसऱ्या लढाईनं गळा धरला तेव्हा.

वतनाचं तसंच. महारकीचं वतन म्हणजे चोवीस तास गावाची फुकट चाकरी आणि बदल्यात तुकडाभर जमीन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायला बिल आणलं. ते पार पडू दिलं नाही. ही गावकामगार वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल लागलं. तीस वर्षं! तीस वर्षांत एका माणसाचं उभं आयुष्य गावाच्या दाराशी जोहार घालण्यात जातं. कोलणाऱ्याला ती तीस वर्षं दिसत नाहीत. त्यानं फक्त मनगट हलवलेलं असतं.

आता काळ बदललाय असं म्हणतात. काळ बदललाय, खरं आहे. दांडूला पॉलिश केलंय. पूर्वी 'हाड' म्हणायचे, आता 'नॉट फाउंड सूटेबल' म्हणतात. राखीव जागेची जाहिरात निघते, आमचा पोरगा पीएच.डी. घेऊन मुलाखतीला जातो, आत पाच-सात जण बसलेले असतात, चहा पितात, दोन प्रश्न विचारतात, आणि कागदावर तीन अक्षरं पडतात : एनएफएस. योग्य उमेदवार मिळाला नाही. जागा तशीच रिकामी. पुढच्या वर्षी परत जाहिरात. कोणी शिवी दिली नाही, कोणी जात काढली नाही, कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. ह्यालाच म्हणतात कोलणं. शिवी दिली असती तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला असता. तीन अक्षरांना कुठलं कलम लावायचं?

घर भाड्यानं बघायला जा. दलाल फोनवर गोड बोलतो, खोली दाखवतो, डिपॉझिट ठरतं. मग सहज विचारतो, 'आडनाव काय म्हणालात?' मी आडनाव सांगितलं. पलीकडं दोन सेकंद शांतता. 'मालकांना विचारून कळवतो हां.' मी अजून वाट बघतोय त्या कळवण्याची. दुसऱ्या ठिकाणी आडनाव नाही विचारलं, तर विचारलं, 'नॉनव्हेज खाता का?' प्रश्न मटणाचा नसतो रे, गड्या. मटण तर त्याचा पोरगापण गुपचूप खातो हॉटेलात.

आणि साहित्यवाल्यांचं 'साभार परत'! काय सुंदर शब्द आहे बघा. आभार मानून परत. पूर्वी संपादकाच्या टेबलावर अशा छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठाच असायचा. आमच्या लेखकांनी त्या गोळा केल्या असत्या तर पावसाळ्यात झोपडी शाकारता आली असती. भाषा अशुद्ध आहे, आशय भडक आहे, आमच्या वाचकांना रुचणार नाही. साभार परत. सगळ्यात सभ्य कोलणं ते हे. पाट्यावर जिरं वाटावं तसं बारीक, आवाज न करता.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा पण रडगाणंच गातोय. नाही. खरा मुद्दा आता येतो.

विटीदांडूचे नियम आठवा. कोलणारा एकदम सुरक्षित नसतो. कोललेली विटी समोरच्या पोरानं वरच्यावर झेलली तर कोलणारा बाद. झेलली नाही, तरी खेळ संपला नाही. कोलणारा आपला दांडू खड्ड्यावर आडवा ठेवतो. विटी जिथं पडली तिथून समोरचा पोरगा ती उचलतो, नेम धरतो नि दांडूवर फेकतो. दांडूला विटी लागली की कोलणारा बाद. दांडू आता दुसऱ्याच्या हातात. म्हणजे ज्या विटीनं तुम्हाला लांब उडवलं, तीच विटी तुमचं हत्यार. ज्यांनी हा शब्द माणसांना लावला ते खेळाचा हा अर्धा भाग विसरले. आपण विसरून चालणार नाही.

पाहा, महाडला काय झालं. १९२३ च्या ऑगस्टात बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला : सरकारी पैशानं बांधलेली नि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, तळं होतं तसंच. ह्याला म्हणतात मान्य करून कोलणं. ही जात सगळ्यात विषारी. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी काय केलं? नवा अर्ज लिहिला नाही. त्यांनी तोच ठराव उचलला, हजारो माणसं बरोबर घेतली नि तळ्यावर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायले. विटी जिथं पडली होती तिथून उचलून दांडूवर मारली. दांडू थरथरला. म्हणून तर माणसांवर लाठ्या चालवल्या, तळं 'शुद्ध' करून घेतलं आणि नगरपालिकेनं १९२७ च्या ऑगस्टात आपला ठराव मागं घेतला. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जळाली. कोर्टात खटला चालला दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला तो आपल्या बाजूनं. दहा वर्षं नेम धरून राहायला छाती लागते. कोलणाऱ्याचं काम एका क्षणाचं, विटी परत मारणाऱ्याचं काम दहा वर्षांचं. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट १९३६ ची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आगाऊ मागवलं. वाचलं नि घाबरले. जात मोडायची तर शास्त्रांचं पावित्र्य मोडावं लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मंडळ म्हणालं, जरा बदला. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. भाषण कोललं गेलं. आज त्या मंडळातल्या कुणाचं नाव तुम्हाला आठवतं? नाही आठवत. पण ते कोललेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती काढल्या, त्या दोन महिन्यांत संपल्या आणि आज जगातल्या अनेक भाषांत ते पुस्तक वाचलं जातं. विटी हवेत होती तेव्हाच झेलली. कोलणारा बाद!

आपली लिटल मॅगझिनं ह्याच रक्ताची. प्रस्थापितांच्या मासिकांनी परत पाठवलेला मजकूर घेऊन आपल्या पोरांनी सायक्लोस्टाइलवर अंक काढले. पगारातले, शिष्यवृत्तीतले, कधी बहिणीच्या गल्ल्यातले पैसे काढून. राजा ढाल्यांचं 'येरू' असो की 'चक्रवर्ती', नावातच सांगितलं होतं की आम्ही तुमच्या पंगतीत पाटाची वाट बघत नाही. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, अण्णा भाऊ साठे उद्‌घाटक. आमचं संमेलन आम्ही भरवलं. साभार परत करायला मध्ये कुणी ठेवलाच नाही.

आणि नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. मग मराठवाडा पेटवला. घरं जाळली, विहिरी नासवल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. सरकार म्हणालं, बघू. बघू म्हणजे काय? कोलणं. साडेपंधरा वर्षं बघितलं. लाँगमार्च निघाले, पोरं तुरुंगात गेली, लाठ्या खाल्ल्या, काहींनी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामांतर नव्हे नामविस्तार म्हणून. विटी परत मारणाऱ्यांच्यात एक पिढी म्हातारी झाली. पण कुणी विटी टाकून घरी गेलं नाही.

झेलणं झालं, परत मारणं झालं. ह्यापलीकडं तिसरं एक आहे. ते खेळाच्या नियमात नाही. ते म्हणजे खेळच सोडणं. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं माणसं दाराशी उभी राहिली. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तो माझ्या हातात नव्हता, हिंदू म्हणून मरणार नाही. त्या दिवशी दांडू हातात घेऊन बसलेल्याला पहिल्यांदा कळलं की समोर विटीच नाही. आता कोलणार कुणाला? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसं एकदम उठून मैदानाबाहेर गेली. ह्याला कोलणं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. एकवीस वर्षं विचार करून, जगातले धर्म वाचून, तपासून जो नकार दिला जातो त्याला कोलणं म्हणणं म्हणजे डोंगराला ढेकूळ म्हणणं. कोलणारा मनगट हलवतो. नागपूरला माणसांनी आपलं सगळं जगणं हलवलं. घरातले देव उचलले, सण बदलले, गावकीची कामं टाकली, त्यासाठी बहिष्कार सोसले. नकाराची किंमत मोजली.

आणि इथंच मला माझ्या पिढीशी नि तुझ्याही पिढीशी भांडायचंय.

आपण हल्ली सगळंच कोलतो. मोर्चा? कोल ना यार. वाचन? कोल. संघटनेची मीटिंग? कोल. सरकार? सगळे चोर, कोल. ह्यात आपल्याला विद्रोह वाटतो. निळा टी-शर्ट, छातीवर बाबासाहेबांचा फोटो, तोंडात कोलतो मी सगळ्यांना. अरे, कोलणं हा दांडूवाल्याचा खेळ. त्याला परवडतो, कारण खड्डा त्याचा, मैदान त्याचं, पंच त्याचा. तुझ्या कोलण्यानं कुणाचं काय बिघडलं? ज्याला तू कोललंस म्हणतोस त्याला पत्तासुद्धा नाही. तो तिकडं मजेत आहे. उलट तू मोर्चा कोललास म्हणून त्याचं फावलं. दुर्लक्ष म्हणजे नकार नव्हे. नकाराला समोर उभं राहावं लागतं, कारण सांगावं लागतं नि पुढचे परिणाम अंगावर घ्यावे लागतात. विद्रोह हा शब्द आपल्या आधीच्यांनी रक्तानं कमावला. त्याच्या जागी कोलणे हा शब्द बसवून स्वस्तात मोकळं होता येणार नाही.

दुसरं भांडण याहून कडू आहे. आपण कुणाला कोलतो? वर बघून कोलतो की खाली? शाळेत पाणी मिळालं नाही म्हणून डोळ्यात पाणी आणणारा आपला माणूस पोरीचं लग्न ठरवताना मांगाच्या पोराचं स्थळ आलं की काय करतो? चांभाराला, ढोराला, भंग्याला आपल्या घरात कुठल्या शब्दांनी बोललं जातं? सकाळी गटारात उतरणारा, आठ मजले चढून पार्सल आणणारा, फाटक्या पिशवीत भंगार गोळा करणारी म्हातारी, ह्यांना आपण काय म्हणतो? वरून आलेली विटी आपण झेलली नाही, ती तशीच खाली उडवली, तर आपण कोण झालो? जातीची उतरंड ह्याच कोलाकोलीवर उभी आहे. प्रत्येकाच्या वर एक नि प्रत्येकाच्या खाली एक. वरच्याचा मार खाऊन जो खालच्याला मारतो तो ह्या खेळाचा सगळ्यात इमानी खेळाडू.

आणि तिसरं, पोरांनो, खास तुमच्यासाठी. 'तिनं कोललं मला.' हे वाक्य फार ऐकतो. बोलताना पोरगा असा बोलतो जणू त्याच्यावर जातीचा अन्याय झाला. मग दारू, मग शिव्या, मग तिच्या घराखाली उभं राहणं, आणि कुठंतरी कुणीतरी बाटली घेऊन जातो नि तिचा चेहरा जाळतो. थांब. तिनं तुला कोललं नाही. तिनं नाही म्हटलं. तो तिचा हक्क आहे. पाणवठ्यावर तुला नाही म्हणायचा हक्क जगात कुणाला नाही, कारण पाणी कुणाच्या बापाचं नाही. पण तिचं आयुष्य तिचं आहे. पाण्याला नाही म्हणणं नि लग्नाला नाही म्हणणं ह्यातला फरक ज्याला कळत नाही, त्यानं महाडचं नाव घेऊ नये. हां, तिनं तुझी जात कळल्यावर नाही म्हटलं असेल, तर ते जातीचं नाही आहे, त्याच्याशी लढायचंच आहे. पण ते लढायचं तिच्या घराखाली उभं राहून नव्हे. ज्यांनी तिच्या कानात लहानपणापासून जात ओतली त्यांच्याशी, भर चौकात, विचारानं. आपल्या आयांनी, बहिणींनी तर जन्मभर दोन्हीकडून कोलून घेतलंय. बाहेर जातीनं, घरात नवऱ्यानं. त्यांच्या तोंडून 'नाही' निघालं की आपल्याला राग का येतो, हे स्वतःला विचारा.

मग करायचं काय? उपदेश करून उठणारा मी नाही, म्हणून चार कामाच्या गोष्टी सांगतो.

कोलणारा कधी कागद ठेवत नाही. त्याचं सगळं तोंडी. 'बघू', 'कळवतो', 'वरून आलं नाही', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. म्हणून पहिलं काम, तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. लेखी द्या म्हणायचं. अर्जाची पोच घ्यायची, शिक्का, सही, तारीख. शिष्यवृत्ती अडली, जातीचा दाखला अडला, राखीव जागेवर योग्य उमेदवार मिळाला नाही असं लिहिलं, तर कारण मागायचं. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. साधा कागद, थोडी फी, नि सरकारी कचेरीनं तीस दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर वर अपील. हा कायदा फार मोठा चमत्कार नाही. पण हवेत गेलेली विटी नेमकी कुठं पडली हे त्यानं कळतं. विटी सापडल्याशिवाय नेम कशानं धरणार?

दुसरं, एकट्यानं जायचं नाही. एकट्याचा अर्ज कोलायला एक मनगट पुरतं. पन्नास जणांचा अर्ज कोलायला हात दुखतो. हॉस्टेलात, वस्तीत, कॉलेजात ज्याला ज्याला कोललंय त्यांनी एकत्र बसावं. आपापले कागद एका सतरंजीवर मांडावेत. मग दिसेल की मनगटं वेगळी होती, पण दांडू एकच होता.

तिसरं, लिहा. जे परत आलं ते आपल्या अंकात छापा. परत पाठवणाऱ्याची चिठ्ठी शेजारी छापा. पुढच्या पोराला कळू दे की नकार त्याच्या भाषेला नव्हता, त्याच्या आडनावाला होता.

चौथं आणि शेवटचं. आज संध्याकाळी वस्तीत जाल तेव्हा कान उघडे ठेवा. कोण कुणाला कोलतंय ऐका. वरच्यानं खालच्याला कोललं असेल तर मध्ये उभे राहा. आपल्यातल्यानं आपल्यातल्याला कोललं असेल तर त्याचा हात धरा, मनगट तिथंच थांबवा. आणि मैदानात कुठं कुणाची विटी पडलेली दिसली, कुणा म्हातारीचं रेशनकार्ड, कुणा पोरीची अडलेली फी, तर ती उचला. आपली नसली तरी उचला.

दांडू समोर आडवा पडलाय. नेम धरा.

जयभीम.